झिजलेल्या पॅडची साक्ष

१

मायेनहून आलेला दंतवैद्य गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला, खिशातून पेन्सिलीएवढी बॅटरी काढली आणि कोणाच्या दाढेत डोकवावं तसा चाकाच्या आऱ्यांमधून आत डोकावला.

विबके कोठाराच्या दाराशी उभी होती. कडेवर दहा महिन्यांची येट्टे, आईच्या गळ्यातली साखळी तोंडात घालायच्या खटपटीत. गाडी बघायला आलेला हा तिसरा. पहिल्याला रंग पसंत पडला नव्हता. दुसरा सीटवर बसून स्वतःचे फोटो काढून गेला. हा तरी घेऊन जाईल, मग आपण इथलं आवरू आणि उत्तरेला, लेअरला, आईकडे जाऊ, असं ती सकाळपासून मनाशी घोकत होती.

"पॅड संपलेत," दंतवैद्य म्हणाला.

"कसले?"

"ब्रेकचे. पुढचे. पत्र्याला पत्रा लागायची वेळ आलीय." तो उठला, गुडघे झटकले. "बाकी गाडी छान ठेवलीय. तुमच्या यजमानांनी शेवटपर्यंत हौस भागवून घेतली म्हणायची."

"ते पॅड नवे आहेत."

"बाई, झिजलेलं ओळखण्यावर माझं पोट आहे," तो हसून म्हणाला. हसणं वाईट नव्हतं. "तुम्ही नवे घालून ठेवा. शनिवारी येतो आणि गाडी घेऊन जातो."

विबकेनं वाद घातला नाही. वाद घालायला माहिती लागते आणि तिच्याकडे नुसती आठवण होती. मागल्या वर्षी एप्रिलात याच कोठारात, आडव्या टाकलेल्या टायरवर, पाच महिन्यांचं पोट सांभाळत ती दिवा धरून बसली होती. ब्रेक धुवायच्या औषधाच्या वासानं मळमळत होतं. तरी बसली होती, कारण आर्ने कामात असला की गुणगुणायचा आणि एरवी कधी गुणगुणायचा नाही. त्या दिवशी त्यानं पुढच्या दोन्ही चाकांच्या डिस्क, म्हणजे पॅड ज्यांना घासतात त्या चकत्या, नव्या घातल्या आणि पॅडही नवे घातले.

तीन आठवड्यांनी, मेच्या पहिल्या रविवारी, रिंगवर त्यांच्या ओळखीतला एक जण गेला. जंगलातली ती वीस किलोमीटरची जुनी शर्यतवाट दरवर्षी कोणाला ना कोणाला ठेवून घेते. हा दोन लेकरांचा बाप होता. त्या संध्याकाळी विबकेनं विचारलं, हे सोडशील का, आणि आर्ने म्हणाला, "झालं. बाळ चालायला लागेपर्यंत एकही फेरी नाही."

सप्टेंबरात येट्टे तीन आठवड्यांची होती. हायवेच्या कडेला बंद पडलेली कुणाची तरी गाडी उचलून नेणं हे आर्नेचं रोजचं काम. ते करताना मागून ट्रक आला.

गाडी तेव्हापासून त्याच्या बापाच्या कोठारात उभी. किलोमीटरचा आकडा बघावा, तर तो दोन वर्षं एकाच जागी अडकलेला. गाडीचं वय विचारू नये, असं आर्ने म्हणायचा.

दंतवैद्याची मोटार उतारावरून दिसेनाशी झाली. विबकेनं बोटं मोजली. मे ते सप्टेंबर. गुरुवारी संध्याकाळी रिंग सगळ्यांना खुली असते आणि त्या उन्हाळ्यात गुरुवारी आर्ने हमखास उशिरा यायचा. कामाचा फोन आला, म्हणायचा.

मेलेल्या माणसाला जाब विचारता येत नाही, हे एक दुःख. पण त्यानं खोटं सांगितलं असेल, तर दहा महिने आपण रडलो ते कोणासाठी?

२

आडेनाऊ गावात क्रिंगसबाईंचं गाड्यांच्या पार्टांचं दुकान. बाई साठीच्या. डोळ्यांवर एक चष्मा, कपाळावर दुसरा, आणि दोन्ही सापडत नाहीत अशी रोजची तक्रार. काउंटरला टेकून दोन गिऱ्हाइकं ब्रेकच्या गप्पा हाणत होती. विबके बाळाची ढकलगाडी घेऊन आत आली आणि गप्पा बंद पडल्या. हे आता सवयीचं झालं होतं. हिच्यापुढे गाड्यांचं बोलू नये असं लोकांना वाटायचं आणि दुसरं काही त्यांना बोलता येत नसे. दोघं हळूच सटकले.

"पुढचे पॅड हवेत," विबकेनं गाडीचे कागद पुढे केले.

"कागद ठेव पिशवीत. त्यांचा उपयोग नाही. आर्नेनं पॅड धरणारे कॅलिपर मोठ्या गाडीचे बसवले होते. कागदाप्रमाणे पॅड दिले तर आत खुळखुळ्यासारखे वाजतील. जुना काढून आण. इथे ठेव. मी मोजते."

"तुमच्याकडे नोंद असेल ना?"

"आहे की." बाईंनी खण ओढून आर्नेचं कार्ड काढलं. "एप्रिल चौदा. पुढचे पॅड, पुढच्या डिस्क. आकार लिहिला नाही, माझाच गाढवपणा. त्याला तोंडपाठ असायचा."

"त्यानंतर काही घेतलं?"

"पॅड नाहीत." बाई कार्ड बघता बघता थांबल्या. "ऑगस्टात आला होता खरा. तू उभी आहेस तिथेच उभा राहून शेल्फकडे बघत होता. मी म्हटलं, देऊ का? बोलेना. वीस मिनिटांनी म्हणतो, कागदी टॉवेलचा गठ्ठा द्या."

येट्टेनं काउंटरवरून लोंबणारी किमतीची चिठ्ठी पकडली. विबकेनं तिची मूठ सोडवली, बोटांना काही काळं लागलंय का पाहिलं, लागलं नव्हतं तरी पुसली.

"हे पॅड किती फेऱ्या टिकतात?"

"गाडी ताणणाऱ्याचे चाळीस. फार तर पन्नास. का गं?"

"संपलेत."

क्रिंगसबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. हिशोब त्यांनाही कळला. या गावात मेचा तो शब्द सगळ्यांना ठाऊक होता. आर्नेनं बीअर पिता पिता चारचौघांत सांगितला होता.

"पोरी, पहिल्या मुलाच्या वेळी सगळेच सोडतात. माझ्या नवऱ्यानं तीनदा सोडलं. आणि मुलं दोनच आहेत."

समजूत घालायची त्यांची तऱ्हा ही. विबके हसली, कारण हसणं अपेक्षित होतं. बाहेर येऊन तिनं ढकलगाडीचा ब्रेक दोनदा तपासला आणि मग बाकावर बसली. नव्या पॅडसाठी कोण वीस मिनिटं शेल्फकडे बघत उभं राहील? ज्याचे संपलेत तोच.

३

एर्विन, आर्नेचा बाप, घरामागे लाल बेरी खुडत होता. चाळीस वर्षं दगडाच्या खाणीत काढलेला माणूस. शब्द त्याच्या पदरचे जात. बापलेकाचं जमत नव्हतं हे विबकेला लग्नाआधीच कळलं होतं. का जमत नव्हतं हे कोणीच सांगितलं नव्हतं. आर्ने वरच्या अंगाला कोठारात यायचा, गाडीपाशी तासन् तास असायचा, आणि वीस पावलांवरच्या बापाच्या घराची पायरी चढायचा नाही.

एर्विननं एक बेरी येट्टेच्या हातावर ठेवली. विबकेनं ती तोंडापर्यंत पोचायच्या आत काढून घेतली.

"घशात अडकेल."

"तिच्या बापानं या वयात मूठभर खाल्ल्या होत्या."

"असतील." तिनं बेरी स्वतःच खाऊन टाकली. आंबट होती. "एर्विन, मागच्या उन्हाळ्यात आर्ने इथे यायचा का? मेनंतर?"

"त्याची गाडी इथे होती."

"गुरुवारी?"

एर्विन पुढच्या झुडपाकडे सरकला. बादलीत दोन-तीन घोस पडले.

"गुरुवारी यायचा."

"गाडी बाहेर काढायचा?"

"ते मी सांगणार नाही."

"माहीत नाही, की सांगणार नाही?"

"सांगणार नाही," एर्विन म्हणाला. वर मान करून त्यानं येट्टेकडे पाहिलं, विबकेकडे पाहिलं नाही. मग बादली उचलली, अजून अर्धं झुडूप लाल असताना घरात गेला, आणि दार लावून घेतलं.

विबके तिथेच उभी राहिली. जंगलापलीकडून इंजिनांची घरघर येत होती. आज कुठल्याशा कारखान्याची चाचणी असणार. इथे आल्यावर पहिल्या वर्षी ती आर्नेला म्हणाली होती, आमच्याकडे समुद्राचा आवाज येतो तसा तुमच्याकडे हा. तेव्हा ते प्रेमानं म्हटलं होतं. आता तो आवाज आला की ती खिडकी लावायची.

सांगण्यासारखं काही नसतं तर म्हातारा लपवता कशाला? त्यानं पोराला गाडी नेताना पाहिलं होतं. किंवा पोराच्या मागे गाडी काढून नेणारा दुसराच कोणी होता आणि म्हातारा त्याला पाठीशी घालत होता.

दुसरी चावी एकाच माणसाकडे होती.

४

फाल्को बुधवारी दुपारी आला. आर्नेचा शाळेपासूनचा दोस्त. स्वतःचं एका गाळ्याचं गॅरेज. बुटका, रुंद, नखांत कायमचं काळं. त्यानं जॅक लावला, चाक काढून बाजूला निजवलं, आणि विबकेनं विचारलं.

"दुसरी चावी तुझ्याकडे आहे. तू नेलीस का कधी? आर्ने गेल्यावर?"

फाल्कोनं पाना खाली ठेवला.

"त्याच्या सीटवर बसलो की माझे पाय क्लचला पोचत नाहीत. तो सीट मागे करून वेल्डिंग केल्यासारखी ठेवायचा, मला चिडवायला." मग गंभीर झाला. "आणि पोचत असते तरी नसती नेली. काय समजतेस तू मला?"

"विचारावं लागतं."

"विचार. मीही तेच केलं असतं." त्यानं पॅड धरून ठेवणारे खिळे ठोकून बाहेर काढले आणि दोन पॅड तिच्यापुढे कोठाराच्या फरशीवर मांडले. येट्टे रांगत निघाली होती; विबकेनं तिला उचलून मांडीत दाबलं. पॅडवरचा थर बिस्किटाच्या पापुद्र्याएवढा उरला होता आणि त्यात तीन खोल रेघा.

"चालवलीय गं," फाल्को हळूच म्हणाला. "मला सांगितलं नाही त्यानं, मलाही वाईट वाटतंय. पण आम्ही इकडे म्हणतो, माणूस खोटं बोलेल, पॅड खोटं बोलत नाही."

विबके डिस्क बघत होती. गेल्या वर्षभरात बघत राहणं एवढंच तिला येत होतं: पोरीचा श्वास चालू आहे ना, गॅसचं बटण फिरलं नाही ना, जिन्याचं फाटक लागलं ना. डिस्कवर तांबूस गंज धरला होता. तिनं पिशवीतून बाळाचा ओला रुमाल काढला आणि पुसलं. गंज वरवरचा होता. खाली डिस्क आरशासारखी.

"या तीन रेघा हिच्यावर कुठे आहेत?"

"कुठल्या?"

"पॅडवर आहेत त्या. पॅड हिला घासून झिजला ना? मग हिच्यावरही उमटायला हव्यात."

फाल्को जवळ सरकला. डिस्कच्या कडेवरून नख फिरवलं, पुन्हा फिरवलं. "झिजून कडेला ओठ आलेला नाही," तो स्वतःशीच म्हणाला. "पन्नास फेऱ्यांत येतोच. ही पाच-सहा फेऱ्यांच्या वर फिरलेली नाही."

"एप्रिलात सहा मारल्या होत्या त्यानं. मेच्या आधी."

"म्हणजे हे पॅड..."

"या डिस्कवर झिजलेले नाहीत. दोघं एकाच दिवशी बसले. एक म्हातारं होतं आणि दुसरं तसंच राहतं, असं कसं होईल?"

फाल्को आत वाकला. "आणि हे काय? विबके, इकडे बघ."

पॅड संपत आल्याची खूण देणारी एक बारीक वायर असते. झिजलेल्या पॅडमध्ये तिला जागा नव्हती, म्हणून ती मोकळी राहिली होती आणि कोणीतरी ब्रेकच्या नळीला बांधून टाकली होती. पिवळ्या धाग्यानं.

"लोकर," फाल्को म्हणाला. "इथे? एका फेरीत इथे इतकं तापतं की अंडं करपेल. ही अर्ध्या वाटेत राख झाली असती."

लोकर करपलेली नव्हती. तिचे तंतूसुद्धा उभे होते. विबकेनं बोटानं ते चेपले आणि तिला आपलं कपाट दिसलं. आईनं जुलै संपता संपता लेअरहून पार्सल पाठवलं होतं, मोहरीच्या रंगाची लोकर, बाळाच्या मोज्यांसाठी. एक मोजा विणून झाला होता. दुसऱ्याच्या आधी येट्टे आली.

"ऑगस्टपासून ही गाडी हललेलीच नाही," ती म्हणाली. "आणि ज्यानं हे बांधलं, त्यानं धागा माझ्या कपाटातून घेतला."

कोठाराच्या फळीवर एप्रिलातलं पॅडचं खोकं अजून होतं. फाल्कोनं ते उतरवलं, उघडलं. रिकामं.

"रिकामंच असणार," तो म्हणाला. "नवे त्यातूनच निघाले ना. पण मग ते नवे गेले कुठे?"

५

"रस्त्यासाठी, की रिंगसाठी?" क्रिंगसबाईंनी झिजलेला पॅड मापपट्टीवर ठेवत विचारलं. गुरुवारची दुपार होती. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. "रिंगचे घेतलेस तर थंडीत सकाळी डुकरासारखे किंचाळतील आणि गरम होईपर्यंत धरणार नाहीत. दंतवैद्य आहे ना? त्याला रस्त्याचे दे. त्याला किंचाळणं दवाखान्यात पुरेसं आहे."

"रस्त्याचे द्या."

बाई शिडीवर चढल्या. खोकं घेऊन उतरल्या, नवे पॅड काढून जुन्याशेजारी ठेवले, चारही कोपरे जुळवून पाहिले. जुळले. मग सहज हातासरशी जुना पॅड त्यांनी रिकाम्या खोक्यात टाकला.

"हे काय करताय?"

"कुठे काय? सवय. नवे ज्या खोक्यातून निघाले त्यातच जुने घालून गिऱ्हाइकाला परत द्यायचे, की बघ बाबा, खरंच बदललेत. सासऱ्यांपासूनची रीत आहे. आता घरी बदलणारे पण तसंच करतात. एकेकाच्या कोठारात वीस वीस खोकी असतात, सगळ्यांत कचरा."

"आर्ने करायचा?"

"आर्नेला ती रीत इथेच लागली. शाळेत असताना दोन उन्हाळे माझ्याकडे कामाला होता."

विबकेनं येट्टेला ढकलगाडीतून काढून कुशीत घेतलं. विचार करताना तिला काहीतरी धरायला लागायचं.

"क्रिंगसबाई, त्याचं खोकं रिकामं आहे. त्यात एप्रिलच्या आधीचे झिजलेले पॅड असायला हवेत. ते खोक्यात नाहीत, कारण ते गाडीत होते. त्यानं नवे काढले आणि झिजलेले परत घातले."

"नवे काढून झिजलेले? या डोंगरात असं कोणी करत नाही."

"झिजलेल्या पॅडवर कोणी रिंगवर जाईल का?"

"चड्डीशिवाय चर्चला जाईल एक वेळ," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांचा हात खोक्यावर थांबला.

"म्हणूनच घातले," विबके म्हणाली. "त्याचा स्वतःवर भरवसा नव्हता. जाता येऊ नये म्हणून त्यानं गाडीचे पायच काढून घेतले. ऑगस्टच्या सुरवातीला. त्यानंतर तो इथे आला होता."

क्रिंगसबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि कपाळावरचाही काढला. दोन्ही काउंटरवर ठेवले.

"आणि मी त्याला विचारत होते, देऊ का," त्या म्हणाल्या. "दोनदा विचारलं."

येट्टेनं एक चष्मा पटकावला, तो कोणी काढून घेतला नाही.

"नवे टाकून दिले असतील," शेवटी बाई म्हणाल्या.

"टाकून दिले असते?"

"नाही. सहा फेऱ्यांचे पॅड टाकणारा इथे जन्मायचाय. विकलेही नसतील, वापरलेले कोणी फुकटसुद्धा घेत नाही. कोणाकडे तरी ठेवले असतील."

"फाल्कोकडे ठेवले असते तर त्यानं मागताक्षणी हसत दिले असते. घरी ठेवले असते तर हाताशीच राहिले असते. मागितले तरी देणार नाही, असा माणूस त्याला हवा होता."

"असा माणूस?" क्रिंगसबाई उपहासानं हसल्या. "एर्विननं त्याला दहाव्या वाढदिवसाला सायकल दिली नाही. सगळ्या गावाला माहीत आहे. पोरगं भोकाड पसरून रडलं, हा खाणीत निघून गेला."

विबकेनं पॅडचं खोकं ढकलगाडीच्या जाळीत टाकलं आणि चष्मा येट्टेच्या हातातून सोडवून पुसून परत ठेवला.

६

या वेळी एर्विननं दार उघडलं आणि बाजूला झाला. स्वयंपाकघरात टेबल, बाक, तीन खुर्च्या, साबणाचा वास. विबकेनं बसायच्या आधीच सगळं सांगितलं: डिस्क, लोकर, रिकामं खोकं. सलग सांगितलं, कारण थांबली असती तर जमलं नसतं. शेवटी म्हणाली, "ते तुमच्याकडे आहेत."

एर्विन उठला. बाकाची फळी वर केली, आतून खाणीतल्या कामाच्या जुन्या सदऱ्यात गुंडाळलेलं गाठोडं काढलं आणि टेबलावर ठेवलं. ठण्ण वाजलं. चार पॅड, जाड, कडा अजून शाबूत.

"कोणालाही सांगायचं नाही म्हणाला होता," एर्विन बोलला. "कोणालाही म्हणजे तुलाही. आपण मेलो तर काय करायचं ते त्यानं सांगितलं नव्हतं."

"त्या दिवशीच सांगितलं असतंत तर..."

"तू विचारलंस, गाडी काढायचा का. काढायचा नाही म्हटलं असतं, तर मग काय करायचा, हे आलंच असतं."

"काय करायचा?"

"आधी कोठारात गाडीत बसायचा. दार लावून. इंजिन चालू न करता." एर्विननं सदऱ्याची बाही सरळ केली. "मग एक दिवस हे घेऊन दारात. सहा वर्षांनी चढला ही पायरी. म्हणाला, हे ठेवा आणि मी मागितले तर देऊ नका. मी म्हटलं, गाडीची चावीच दे की. तर म्हणतो, दुसरी फाल्कोकडे आहे, तो दोन मिनिटांत देईल."

"मागितले?"

"दोनदा. पहिल्यांदा चिडला. सायकल काढली, सगळं काढलं. मी नाही दिले. दुसऱ्यांदा ही आठ दिवसांची होती." त्यानं हनुवटीनं येट्टेकडे दाखवलं. ती बाकाला धरून उभी राहायचा प्रयत्न करत होती. "म्हणाला, बाबा, एकच फेरी, हळू मारतो. त्या खुर्चीत बसून रडला थोडा. मग म्हणाला, कॉफी आहे का. पुढचे दोन्ही गुरुवार आला. मागितले नाहीत. नुसता बसायचा. तिच्याबद्दल सांगायचा. कशी शिंकते ते करून दाखवायचा."

"मला सांगायचा, कामाचा फोन आहे."

"ते खोटं होतं," एर्विन म्हणाला.

विबकेनं मान हलवली. चार दिवस छातीवर होतं ते ओझं उतरलं होतं, आणि त्याच जागी दुसरं, लहानसं, टोकदार काहीतरी येऊन बसलं होतं. त्यानं शब्द पाळला होता. तिच्यावाचून पाळला होता. ती खाली गावातल्या दोन खोल्यांत एकटी, तो वर बंद कोठारात एकटा, आणि दोघंही जंगलापलीकडचा एकच आवाज ऐकत होते.

"मला का नाही सांगितलं त्यानं?"

एर्विननं दाराकडे पाहिलं; तिला वाटलं, या वेळीही तो उठून जाणार.

"मी विचारलं होतं. म्हणाला, विबकेला सांगितलं तर ती माझ्या तोंडाकडे बघेल आणि म्हणेल, जा, एकदा जाऊन ये."

हे खरं नाही, असं तिला म्हणायचं होतं. पण ऑगस्टातला एक गुरुवार तिला आठवत होता: निघायच्या आधी आर्ने खिडकीत पाठमोरा, इंजिनांची घरघर, आणि तिच्या ओठांवर आलेलं नेमकं हेच वाक्य. पोटात येट्टेनं लाथ मारली म्हणून ते राहून गेलं होतं.

"म्हटलं असतं मी," ती म्हणाली.

"हं."

"तुम्हाला कधी वाटलं नाही? द्यावेत म्हणून?"

"दुसऱ्यांदा वाटलं. फळी उचलली होती." एर्विन टेबलावरचे पॅड पुन्हा सदऱ्यात गुंडाळू लागला, मग कशाला गुंडाळतोय ते लक्षात येऊन थांबला. "पण दिले असते, तर तो पुन्हा कशाला आला असता?"